देशी डाव आणि फ्रेंच बचाव

आज मोबाईलनं आपणहूनच त्या बुद्धिबळाच्या मास्तरांचा जुना व्हिडिओ समोर आणला आणि मला माहेरची, मंद्रूपची ती उन्हाळ्यातली दुपार आठवली. थोरला भाऊ आजारी होता, अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर पडून असायचा. लहानपणापासून त्याच्यापुढं माझा डाव कधी टिकला नाही, आणि चाल परत मागितली तर म्हणायचा, "हात सुटला, चाल झाली. रडायचं न्हाय!" म्हटलं, एकदा तरी याला हरवायचंच, म्हणून सोलापुरात माझ्या घरी भाकऱ्या थापता थापता मी त्याच मास्तरांचे व्हिडिओ बघून काळ्या सोंगट्यांचा फ्रेंच बचाव शिकले, आधी राजापुढचं प्यादं एक घर, मग वजिरापुढचं दोन घरं. त्या दुपारी बाजेवरच पट मांडला. कापराच्या तेलाचा वास येणाऱ्या बोटांनी त्यानं पांढरी प्यादी सरकवली, आणि मी शिकल्याप्रमाणं दोन घरांची चाल टाकली. तेव्हा कुठं ध्यानात आलं, आमच्या देशी डावात प्यादं एकच घर चालतं की! मी भांडायच्या तयारीतच होते. "दादा, मोबाईलवरचे मास्तर असंच शिकवत्यात," म्हटलं. तो नुसता हसला. "असू दे की बाई. तुझ्या मास्तराच्या कायद्यानं खेळू." जन्मात एक चाल माफ न करणारा माणूस सगळा कायदाच सोडून देत होता. तो डाव मी जिंकले. पुढच्याच आठवड्यात दादा गेला. अजून वाटतं, त्या दुपारी तो माझ्याशी भांडला असता तर किती बरं झालं असतं.