तुटका कुकारा

पुण्याहून सकाळच्या गाडीने निघून मळवलीला उतरलो. भातकापणी चालली होती. लोहगड होता तिथेच होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

वीस वर्षांपूर्वी मी लोणावळ्याला एका स्विस साहेबाकडे कारकून होतो. त्याच्या ग्रामोफोनवर योडेल वाजे. शब्द नाहीत; आवाज छातीतून निघतो, मध्येच तुटतो आणि बारीक होऊन वर उडतो. आल्प्सच्या गुराख्यांच्या हाकांतून ही कला झाली, आता अमेरिकेतही लोक तिकीट काढून ऐकतात, असं साहेब सांगे. मला नाद लागला. बंगल्यात लाज वाटे, म्हणून एका रविवारी लोहगडाच्या उतारावर गळा मोकळा केला. दरीपलीकडून कुणीतरी ओ दिली. मला कौतुक वाटलं, पुन्हा गायलो.

समोरच्या उतारावरून एक माणूस काठी टाकून धावत सुटला आणि दगडांत कोसळला. लोक जमले, त्याला उचलून नेलं. मी करवंदीच्या जाळीमागे बसून राहिलो, मग स्टेशन गाठलं. तिथे हमालाने सांगितलं: इथे कुकारा (डोंगरातली लांब हाक) असा तुटका आला, की कुणीतरी कड्यावरून पडलंय. ऐकेल त्याने गुरं सोडून धावायचं. भाजे गावचा धोंडिबा धावला, पाय मोडला त्याचा.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाज्याच्या वाटेवर चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन अनवाणीच धोंडिबाच्या अंगणात पोचलो, पुण्याहून आलो म्हणालो. तो लंगडा पाय पसरून दावं वळत होता.

"पुण्याची वहाण डोंगराला भ्याली व्हय?" त्याची बायको सगुणाबाई हसली. तिने तांदळाची भाकरी आणि ताक पुढे ठेवलं. एक घास खाल्ला आणि म्हणालो,

"आबा, तुम्ही पडलात त्या दिवशीचा कुकारा माझा होता. कुणी पडलं नव्हतं. मी गात होतो. तुम्ही पडलात ते पाहिलं, आणि लपलो."

"लय ग्वाड गायलात!" सगुणाबाई म्हणाली. "ठिवा ती भाकर खाली."

मी ठेवली.

"थांब गं." धोंडिबाचे हात थांबले होते. "मंजी त्यो माणूस मेला न्हाई?"

"नाही."

"दोन डाव हाक आली, मग गप. समदा डोंगर धुंडला गावानं. मला वाटलं, म्या पोचलो न्हाई म्हनून गेला. दर सर्वपित्रीला त्याच्यासाठी घास ठिवतो. नाव ठाव न्हाई, नुसता घास. यंदाबी ठिवला."

मग सगुणाबाईने भाकरी पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

"वीस वरसं तुमचाच घास ठिवला. खावा आता."

तिच्यादेखत सगळी भाकरी संपवली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. साहेबाच्या ग्रामोफोनवरचं योडेल संपलं, की टाळ्या ऐकू येत. धोंडिबाने दिलेली ओ मला तशीच वाटली होती. गाडी हलली तेव्हा मी लोहगडाकडे पाहिलं.