अठरा टक्के चरबीची लाज

मंडळी, डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

आज सकाळी माझा धाकटा भाऊ ओंकार हडपसरच्या आमच्या जिममध्ये चक्कर येऊन पडला. मी शेजारीच होते. धावत गेले, तर त्याचे हात गार पडलेले. ट्रेनर मात्र हसत म्हणाला, "ताई, घाबरू नका. फॅट जळतंय."

पुढच्या महिन्यात ओंकारचं लग्न आहे आणि त्याच्या अंगातली चरबी अठरा टक्के. "हळदीला उघड्या अंगाने बसणार ना? मग सहावर आण," असं सांगून या ट्रेनरने त्याचं जेवण तोडलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, पुरुषाला अठरा टक्के अगदी निरोगी आहे. थोडी चरबी शरीराला लागतेच. सहा टक्के तर शरीरसौष्ठव स्पर्धेतल्या लोकांनाही फार दिवस झेपत नाही."

दुपारी आम्ही जिमची मेंबरशिप बंद करायला गेलो. ट्रेनरने सगळ्यांसमोर ओंकारच्या पोटाला चिमटा काढला. "हरलास ना?" ओंकारने मान खाली घातली. मला अक्षरशः किळस आली. ट्रेनरचा हात झटकून भावाला बाहेर घेऊन आले.

रिक्षात ओंकार हळूच म्हणाला, "ताई, मी खरंच बेढब दिसतो का गं?"

तुमच्या घरातल्या मुलांना हे कधी विचारावंसं वाटलं, तर ते कुणाला विचारतात?