मंगळागौरीच्या दिवशी सरकलेली जमीन

शुभदाने बँकेच्या सॉफ्टवेअरची चांगली चाललेली नोकरी सोडून ज्वालामुखींची नोकरी धरली, तेव्हा डब्लिनजवळच्या नास गावातल्या मराठी मंडळींनी तिची भरपूर चेष्टा केली. आयर्लंडमधले ज्वालामुखी केव्हाच थंड होऊन गेलेले. पण डब्लिनच्या ज्या संशोधन गटात ती गेली, त्यांची यंत्रं होती आइसलंडमध्ये. तिथल्या एका ज्वालामुखीच्या अंगावर जागोजागी भूकंपमापक पुरलेले होते, जमीन किती सरकली ते टिपणारे जीपीएसचे खांब रोवलेले होते, भेगांतून येणारा वायू मोजण्याचीही सोय होती. सगळी माहिती अखंड डब्लिनला यायची. तिच्यातला खरा हादरा कोणता आणि नुसता वाऱ्याचा गोंगाट कोणता, हे निवडणारा प्रोग्राम शुभदा लिहीत होती.

तिचे वडील दीनानाथ उन्हाळ्यात अमरावतीहून राहायला आले, तेव्हा त्यांनाही हे कोडंच वाटलं.

"पोरी, दुसऱ्याच्या ज्वालामुखीची राखण तू काहून करून राहिली?"

"बाबा, शिलारस वर सरकायला लागला की आधी खालचे दगड तडकतात. बारीकबारीक भूकंप होतात, माणसाला कळतही नाहीत. कोणीतरी कान लावून बसायला हवं ना?"

"मंग बस," दीनानाथ म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

पण नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात या कान लावण्यापायी तिची फजिती झाली होती. एका यंत्रावर अचानक जोरदार थरथर दिसली. शुभदाने घाईघाईने आइसलंडमधल्या सिग्रुनला फोन केला. सिग्रुन तिथल्या वेधशाळेत होती. ती बिचारी गाडी काढून डोंगरावर गेली, तर एक मेंढी यंत्राच्या पेटीला आरामात अंग घासत उभी. सिग्रुनने फोटो पाठवला. तो ऑफिसच्या फ्रिजवर कित्येक महिने चिकटलेला होता. शुभदा सगळ्यांबरोबर हसली खरी, पण तेव्हापासून सिग्रुनला फोन लावताना ती जरा अडखळायची.

बाबा आलेल्या त्या वर्षी ऑगस्टमध्ये डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागातल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळाची मंगळागौर होती. शुभदा नऊवारी नेसून फुगडी घालत होती. तिची मुलगी सानिका पिशव्या सांभाळत भिंतीशी बसलेली. फुगडी ऐन रंगात आली असताना सानिका उठून आली.

"आई, युअर फोन इज गोइंग मेंटल."

धापा टाकत शुभदाने फोन पाहिला. प्रोग्रामने इशारा पाठवला होता. तिला आधी मेंढीच आठवली. ती स्वयंपाकघरात गेली, वड्यांच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडला. या वेळी एक यंत्र नव्हतं, डोंगराभोवतीची सगळीच बोलत होती. हादऱ्यांचे ठिपके तासातासाला खोलातून वर, जमिनीजवळ येत होते, आणि डोंगराच्या दोन बाजूंचे खांब एकमेकांपासून दूर सरकत होते. खाली काहीतरी वाट काढत होतं.

दीनानाथ मागे येऊन उभे राहिले. "काय झालं?"

"बाबा, वाटतंय की खरं आहे. पण पुन्हा चुकले तर?"

"चुकली तर लोक हसतील. अजून काय?"

शुभदाने फोन लावला. सिग्रुन पहिल्याच रिंगला बोलली. त्यांनाही हादरे दिसत होते, पण ते किती उथळ आहेत याचा हिशोब जमत नव्हता. शुभदाने आपले आकडे पाठवले. सिग्रुनने ते तपासून पाहिले. मग सिग्रुन म्हणाली, "आम्ही दरीचा रस्ता बंद करतो. खाली भटकंतीला आलेले लोक तंबू ठोकून बसलेत."

शुभदा परत हॉलमध्ये आली, पण तिचं खेळात लक्ष लागेना. बायकांनी खोदून विचारल्यावर तिने सांगितलं, आणि मग मंगळागौरीचा नूरच पालटला. गाणी लावायला आणलेल्या प्रोजेक्टरवर देवदत्तने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दरीतल्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. वडे खात सगळे त्या रिकाम्या, हिरव्या दरीकडे बघत बसले. कॅमेऱ्यात शेवटची गाडी निघून जाताना दिसली. तंबूंची जागा मोकळी झाली.

संध्याकाळी सामान आवरत असताना पडद्यावर दरीच्या जमिनीत एक लाल रेघ उमटली. ती हळूहळू लांबत गेली आणि तिच्यातून कारंजी उडायला लागली. सिग्रुनचा मेसेज आला: दरीत कोणीही नाही.

शुभदा खुर्चीवर बसली आणि तिला रडू फुटलं. सानिका तिच्या खांद्याला टेकून उभी राहिली. "यू डिड दॅट, आई?"

"मी एकटीने नाही गं. तिथे खूप जण जागे होते. मी फक्त एक फोन केला."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गटाने शुभदाला नवीन यंत्रं पुरायला आइसलंडला पाठवलं. इतकी वर्षं स्क्रीनवर पाहिलेला डोंगर तिने पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिला. नव्या लाव्ह्याच्या काठावर ती गुडघ्यांवर बसली, हातमोजा काढला आणि काळ्या खडकावर तळवा ठेवला. तो अजून कोमट होता. सिग्रुन थर्मासमधून कॉफी ओतत होती. शुभदाने नासला व्हिडिओ कॉल लावला आणि याही उन्हाळ्यात राहायला आलेल्या दीनानाथांना तो खडक दाखवला.

"जिवंत हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवून बसली.