बंबमामांचा घासलेला बिल्ला

बंबमामा माणसाच्या तोंडाआधी छातीकडे बघायचे. पोस्टमन असो, पोलीस असो, बिल्ला दिसला की भर पेडण्याच्या बाजारात वाकून नक्षी न्याहाळणार! सोबत असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वास्कोला अग्निशमन दलात नोकरी करून गावी परतलेले हे आमचे शेजारी. जुन्या बंबवाल्यांचे नऊ बिल्ले त्यांनी जमवले होते. मी शाळेत चित्रकला शिकवायची, त्यामुळे प्रत्येकाचं कौतुक मलाच ऐकावं लागे. "ही शिडी पळय, ही कुऱ्हाड पळय. कामाचीं हत्यारां, पूण सजयल्यांत कशीं!"

सगळ्यात जुना बिल्ला पोर्तुगीज काळचा, त्यांच्या उस्तादांनी दिलेला. त्याच्यावर मात्र नक्षीच उरली नव्हती. मामी दर चतुर्थीला समया-तबकांबरोबर तोही आमसूल नि राखेने खसाखसा घासायच्या. मामा नुसते म्हणायचे, "कसो लखलखता गो!"

गोवा राज्य झालं त्या सुमारास गावातल्या मुलामुलींनी काजूच्या डोंगरावरचे वणवे विझवायला पथक काढलं. शिकवायला मामाच. पथकाच्या छातीवर उस्तादांच्याच बिल्ल्याची नक्षी हवी, हा त्यांचा हट्ट. पण ती आता फक्त त्यांच्या डोक्यात होती, आणि अलीकडे ते माणसांची नावंही विसरू लागले होते. मामी देवळात गेल्या की मला मामांची हाक यायची.

"नक्षी घासून गेली हें तिका सांगूं नाका हां. बापडेन देवाच्या भांड्यांबरोबर मान दिलो ताका."

मी काढायची, ते खोडायला लावायचे. "ज्वाळ गो ती, भेंडी न्हय!" दोन कुऱ्हाडी जमल्या, ज्वाळ जमली. भोवतीची पानं कसली, इथे मामा अडले. दोन दिवस बेचैन होते बिचारे. तिसऱ्या दिवशी ठासून म्हणाले, "काजूचीं!"

म्हापशाहून बिल्ले करून आले. मामांनी एकेकाच्या छातीवर स्वतः लावले. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

बाराव्याला पथकातली सगळी मुलं बिल्ले लावून आली. मामी हळूच मला म्हणाल्या, "उस्तादाच्या बिल्ल्यार आसलीं तीं काजूचीं पानां न्हय गो. वर्सांनवर्सां घासलो हांवें. कितें पुसलां तें म्हज्या बोटांक खबर आसा."

मी चरकलेच. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! "मग बदलूया का, मामी?"

"खुळी काय तूं? ताणें दिल्लीं पानां तीं."

समोर उभ्या मुलीचा बिल्ला तिरका झाला होता. मामींनी तो सरळ केला आणि तिला म्हणाल्या, "हीं पानां जळूंक दिऊं नाका."