भिंतीकडची बाजू

आमच्या नणंदबाई कपडे दुरुस्त करतात. शिवत नाहीत, दुरुस्त करतात. हा फरक त्या नव्या गिऱ्हाइकाला आधी ऐकवतात. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं मशीन आहे, वर आम्ही सगळे एकत्र राहतो. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं विरलेलं अस्तर काढून नवं घालणं, असली कामं. बोलणं मोजकंच. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळेही असेल. कुणी कपडे न्यायला आलं नाही तरी त्या टाकून देत नाहीत. म्हणतात, "माणूस आहे, येईल सवडीनं."

त्या खोलीत खुंटीला एक तपकिरी कोट असायचा. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या दिराचा. एका सकाळी त्यानं तो बटण लावायला टाकला, "संध्याकाळी नेतो, ताई" म्हणाला आणि कामावर गेला. कामावर पोचला नाही, घरीही आला नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली, त्याच्या मित्रांची घरं पालथी घालून झाली. माझा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. आता त्याचं लग्न झालं.

तेव्हापासून दाराची बेल वाजली की वन्सं उठत. ताटावरून उठत, अंगात ताप असताना उठत. मी दाराला टेकून बसलेली असले तरी आतल्या खोलीतून त्याच येत. दारात पेपरवाला असे, नाहीतर खालची शेजारीण. मला याचा मनस्वी वैताग यायचा. मी शास्त्र शाखेची पदवी घेतलेली बाई. काही पुरावा नसताना इतकी वर्षं वाट बघणं माझ्या डोक्यात बसत नाही.

आता झाडाचं सांगते. आमचं नाताळचं झाड खोटं, माळ्यावरून खोक्यातून निघणारं. त्याचे नियम मात्र खरे, आणि सगळे सासूबाईंनी घातलेले. घरातल्या प्रत्येकाची एक वस्तू असते. ती ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं झाडाला लावायची. एकदा लावली की झाड उतरेपर्यंत हलवायची नाही. आणि माणूस वारलं की त्याची वस्तू झाडाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून. ती घरातली माणसं लावतात. सासूबाईंची काचेची घंटा मागे, सासऱ्यांचा पितळी तारा मागे, चुलतसासऱ्यांचं जहाज मागे. जुन्या वस्तू वजनदार, पोरांच्या प्लॅस्टिकच्या, त्यामुळे झाड दर वर्षी भिंतीकडे कलतं. आमचे हे बुडाशी पुठ्ठ्याची घडी सारतात आणि म्हणतात, "माझा नंबर लागला की हे भिंतीतच शिरेल."

धाकट्याचा होता निळ्या काचेचा पक्षी, पायाशी चिमटा. तो वन्सं लावायच्या, समोर, सगळ्यात खालच्या फांदीवर, दाराकडे तोंड करून. शेजारी त्यांचं स्वतःचं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायचं, लाल दोऱ्यात ओवलेलं. पक्षी लावताना त्या बाहेरचं दार उघडं ठेवत. गार वारा आत यायचा.

"अगं, आला तर बेल वाजवेल की," हे मफलर गुंडाळत म्हणायचे.

"त्याचा हात पुरत नाही बेलपर्यंत."

नाहीसा झाला तेव्हा तो माझ्या नवऱ्यापेक्षा हातभर उंच होता.

या वर्षी घरात नवी सून. दुपारी झाड मांडायला घेतलं तेव्हा वन्सं खाली कुणाची तरी तातडीची पँट आखूड करत होत्या. सून कापसातून एकेक वस्तू काढत होती.

"हा पक्षी कुणाचा?"

"धाकट्या काकांचा," मुलगा दिव्यांच्या माळेतली गाठ सोडवत म्हणाला.

पोरगी मोठी नेमाची. भिंत आणि झाड यांच्यामधून हात घातला आणि पक्षी मागे लावून मोकळी झाली. लग्नाआधी माझ्या चिरंजीवांनी तिला काका वारले म्हणून सांगितलं होतं. बाहेरच्यांना तो तसंच सांगतो, उगाच कहाणी नको म्हणून. ती तेव्हा बाहेरची होती, आणि घरची झाल्यावर खरं सांगायचं राहून गेलं. त्यानं मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला. तो पुढे झाला, तर हे म्हणाले, "हात लावू नकोस. लागलं ते लागलं."

वन्सं वर आल्या, गळ्यात टेप तशीच. रिकामा कापूस बघितला, खालची फांदी बघितली. मग भिंतीला गाल टेकवून मागे बघितलं.

"कुणी लावला?"

"मी, आत्या. चुकलं का माझं?"

"नाही गं. चिमटा चांगला घट्ट बसलाय."

मी म्हटलं, "वन्सं, मी काढते तो. सासूबाईंचं मी बघून घेईन."

"त्या जिवंतपणी तुमचं ऐकत नव्हत्या, वहिनी."

आम्ही हसलो. त्याही हसल्या, त्यामुळे आम्हाला सुटल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात त्यांनी खोक्यातून अंगुस्तान उचललं, मागे हात घातला आणि पक्ष्याशेजारी अडकवलं.

"वन्सं, तुम्ही जिवंत आहात."

"दिसतंय मला."

"मग हे काय?"

"मागे सगळी मोठी माणसं आहेत. त्याच्याशी बोलणार कोण? लहानपणी भिंतीकडे तोंड करून उभं केलं की रडायचा तो." त्या बाहेरच्या दाराकडे गेल्या. आम्हाला वाटलं, उघडतील. त्यांनी कडी लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो असताना बेल वाजली. सगळ्यांनी वन्संकडे बघितलं. त्या घास चावत राहिल्या. बेल पुन्हा वाजली.

"वहिनी, दार," त्या म्हणाल्या.

मी उठले. कडीला हात लावला आणि तशीच उभी राहिले. कोट तयार आहे, हे त्याला आधी सांगायचं की आत घ्यायचं, याचा मी विचार करत होते. दार उघडलं. कालचा पँटवाला होता.

झाड उतरवलं, वस्तू कापसात गेल्या. वन्संचं मशीन खाली चालू असतं, गिऱ्हाइकं येतात जातात, त्यांचं काही बिघडलेलं नाही. फक्त वर बेल वाजली की त्या मान उचलत नाहीत. मी उठते. हे म्हणतात, "पेपरवाला असेल, बस." असेलही.

गेल्या आठवड्यात वन्संनी तो कोट घडी घालून जुन्या कपड्यांच्या बोचक्यात टाकला. मी तो काढून वर आणला आणि आमच्या दाराजवळ टांगला. दुकान बंद असताना आला तर त्याला कसा सापडणार.