समुद्रापासून लांबची खोली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत, किल्लीवाल्यांचे दुकान एकेचाळीस वर्षे होते. आत एका वेळी दोनच माणसे मावत, आणि ती दोन म्हणजे किल्लीवाले व त्यांची पत्नी. गिऱ्हाईक रस्त्यावरच उभे राही. किल्लीवाले कोणाचे दार उघडून द्यायला गेले, की दुकान वहिनी सांभाळत. किल्ली हरवलेले कुलूप कोणी आणून टाकले, तर केसांतला आकडा काढून त्या ते दोन मिनिटांत उघडून देत आणि आकडा पुन्हा केसांत खोचत. या कामाचे पैसे त्या क्वचितच घेत. त्यावरून नवराबायकोची रोज तोंडातोंडी होई.

तीन वर्षांपूर्वी वहिनींना विस्मरण जडले. आधी भाज्यांची नावे गेली, मग शेजाऱ्यांची, मग लेकीचे. एके सकाळी चहा घेता घेता त्यांनी नवऱ्याला अदबीने विचारले, "आपण कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," किल्लीवाले म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बराच वेळ नळ सोडून ठेवला.

विस्मरणाचे दुःख मोठे. परंतु किल्लीवाल्यांना पोखरून काढले ते भीतीने. वहिनी दोनदा घराबाहेर गेल्या. पहिल्या खेपेस बसथांब्यावर सापडल्या. दुसऱ्या खेपेस चार तासांनी, कालव्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या. का उतरलात, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "पाणी होतं ना." तेव्हापासून किल्लीवाले न्हाणीघरात गेले तरी दर मिनिटाला आतून "अगं" अशी हाक देत, आणि बाहेरून "हं" आले तरच पुढचा तांब्या अंगावर घेत. भिंतीपलीकडून ही अगं-हंची जुगलबंदी मला नित्य ऐकू येई. एखादे "हं" लांबले, की माझ्याही हातातले वर्तमानपत्र खाली येई.

अशा स्त्रीने समुद्राचा ध्यास घ्यावा, हे दुर्दैव. बाकी सारे विसरलेल्या वहिनी रोज सकाळी एक प्रश्न मात्र न चुकता विचारीत : "समुद्राला कधी जायचं?" लग्नानंतर लगेच जायचे ठरले होते. मग दुकान निघाले, आणि निघालेले दुकान दोन दिवसांपेक्षा जास्त कधी बंद राहिले नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "न्यायचं असेल तर याच वर्षी न्या. पुढच्या वर्षी समोर समुद्र असला तरी तो समुद्र आहे हे त्यांना कळेल, याची खात्री मी देत नाही."

लेक विरोधात होती. "बाबा, समुद्र काय कुठे पळून जातोय?"

"समुद्र नाही गं. तुझी आई."

योजना आखण्याचे काम माझ्याकडे आले. मी गणिताचा निवृत्त शिक्षक, एकटा; शिवाय किल्लीवाले फोनवर बोलले म्हणजे पलीकडच्याला भांडण वाटते. मी तक्ता केला : निवासाचे नाव, दर, पंखा की वातानुकूलन, न्याहारी, जिने. गर्दीचा मोसम सरला की त्या गावातले दर निम्म्यावर येतात, आणि एका आठवड्यासाठी शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्यास आणखी सवलत मिळते, असे चौकशीत कळले. तेव्हा सोबतीला मीही जावे असे ठरले. किल्लीवाल्यांनी माझा तक्ता पाहिला आणि डावीकडे स्वतःच्या हाताने एक रकाना वाढवला : "समुद्र किती लांब."

पहिल्याच फोनला पलीकडून उत्साहाने उत्तर आले, "साहेब, खिडकीतून पाय बाहेर टाकला की वाळू!" किल्लीवाल्यांनी माझ्या हातातून पेन घेतले आणि त्या नावावर काट मारली. दुसऱ्याने सांगितले, की लाटांच्या आवाजाने झोप छान लागते. काट. तिसऱ्याकडे तळमजल्यावरच जागा होती. चौथ्याच्या खोलीला सज्जा होता, आणि सज्ज्याचा कठडा कंबरेइतकाच. पाचव्या ठिकाणी, टेकडीवरच्या एका अतिथिगृहात, बाई व्यवस्थापक होत्या. त्यांनी माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि त्या हसल्या.

"काका, अहो सगळे विचारतात समुद्र किती जवळ, आणि तुम्ही विचारताय किती लांब! पाण्याचं वावडं आहे का?"

"आमच्या सोबत एक आजारी बाई आहेत," मी म्हणालो. मॅनेजरबाईंचे हसणे थांबले. मग त्यांनी नीट माहिती दिली : दुसरा मजला, मागची बाजू, खिडकीला गज, गरम पाणी, स्वच्छ चादरी, किनारा पायी अकरा मिनिटे, तोही उतारावरून. मागच्या बाजूच्या खोल्या कोणी मागत नाही म्हणून स्वस्त. भीती आणि खिसा यांचे मत क्वचितच जुळते. या खेपेस जुळले.

एवढ्यावर किल्लीवाल्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी दाराच्या कुलपाचे छायाचित्र मागवले. मॅनेजरबाईंनी तेही पाठवले. मोबाइल नाकाशी धरून ते म्हणाले, "आतून मूठ फिरवली की उघडणार हे. चालायचं नाही."

"तसं ते असावंच लागतं. आग लागली तर?"

"मास्तर, आग लागली तर मी आहे. ती बाहेर पडली तर समुद्र आहे."

त्यांनी पितळी पट्टी घडवून, दाराच्या चौकटीला आतून अडकणारी एक कडी तयार केली आणि तिला दुकानातले आपले नेहमीचे कुलूप लावले. पोलाद खाऱ्या हवेत चार दिवसांत आखडते, म्हणून पितळ. किल्ली बनियनच्या खिशात. मग माझ्या दारावर ती कडी बसवून, डोळे मिटून, ती उघडण्याचा त्यांनी तीन संध्याकाळी सराव केला. आठ सेकंद लागत. घड्याळ माझ्या हाती होते. कडी उत्तम होती, हे मी मान्य करतो; आणि एवढा विचार करूनही त्या कुलपाबद्दल जो विचार आम्ही करायला हवा होता तो आम्हा दोघांनाही सुचला नाही, हेही नमूद करतो.

गाव उष्ण आणि दमट होते. टेकडीवर नारळीची झाडे होती, आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावर समुद्र अचानक समोर येई. दर वळणाला किल्लीवाले वहिनींचा हात घट्ट धरीत. खोली मात्र सांगितल्याबरहुकूम निघाली. गाद्या मऊ होत्या आणि पंख्याचा आवाज नव्हता. वहिनी पलंगावर बसून म्हणाल्या, "पाहुण्यांनी घर छान ठेवलंय."

पहिले दोन दिवस आम्ही ठरल्याप्रमाणे वागलो. ओहोटीची वेळ पाहून, सकाळी अकराला, दोघांनी दोन हात धरून वहिनींना धक्क्यावरच्या बाकावर नेले. धक्क्याला लोखंडी फाटक होते व पलीकडे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. भरतीच्या वेळी पायऱ्या बंद, अशी पाटी होती; तेव्हा रखवालदार फाटकाला साखळी घालून कुलूप लावी. दूरवर पाणी चकाकत होते. वहिनींनी बराच वेळ पाहिले.

"हा नव्हे," त्या म्हणाल्या. "हा लांबचा आहे. मला जवळचा हवा."

"उद्या," किल्लीवाले म्हणाले. दुसऱ्या दिवशीही ते "उद्या"च म्हणाले. एवढे पैसे घालून, एवढ्या लांब आणून, पत्नीला ते पाण्याला हात लावू देईनात. मलाही पाण्याची भीती वाटू लागली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या दारावर थाप पडली. किल्लीवाले पंचा गुंडाळून उभे होते, अंगावर साबण तसाच.

"मास्तर, ती नाही!"

"कडी लावली नव्हती?"

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर कुलूप होते, उघडलेले, धड. ओरखडासुद्धा नव्हता. "खुंटीला टांगून गेली आहे," ते म्हणाले. "नीट टांगून. किल्ली इथे, माझ्याजवळ. मी दोनदा 'अगं' म्हणालो, हं आलं. तिसऱ्यांदा नाही आलं. वरची गच्ची, सगळे मजले पाहून आलो." मग त्यांचा चेहरा पालटला. "आकडा. मास्तर, आमच्याच दुकानातलं कुलूप! असली शेकडो तिनं उघडलीत. माझं नाव विसरली म्हणून मी धरून चाललो, की हेही विसरली."

कसाबसा सदरा चढवून ते जिना उतरले. खाली मॅनेजरबाई हिशेबाची वही टाकून उठल्या. त्यांनी वहिनींना जाताना पाहिले नव्हते. पाण्याकडे कोण पाहील आणि बाजाराकडे कोण, असे त्या विचारीत होत्या, तोवर किल्लीवाले उतारावर लागले होते. त्यांचा डावा गुडघा निकामी आहे. तरीही मी त्यांना गाठू शकलो नाही. अकरा मिनिटांचा रस्ता. हे अंतर मी स्वतः तक्त्यात लिहिले होते, सुरक्षित म्हणून. त्या दुपारी ते मला अत्यंत थोडे वाटले.

भरती चढत होती. धक्का ओस पडला होता, रखवालदार सावलीत दूर झोपला होता. फाटकाची साखळी मोकळी लोंबत होती आणि गंजलेले कुलूप पाटीच्या खिळ्याला नीट टांगलेले होते.

वहिनी पाचव्या पायरीवर होत्या. पाणी मांड्यांपर्यंत आले होते. प्रत्येक लाटेसरशी त्यांचे कपडे फुगत, आणि लाट परतताना त्या अर्धे पाऊल पुढे ओढल्या जात. पायऱ्यांवर शेवाळे होते. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. त्या दोन्ही हातांनी पाणी थोपटत होत्या.

मी ओरडणार होतो. किल्लीवाल्यांनी माझे मनगट दाबले. दचकल्या असत्या तर पाय सुटला असता. त्यांना स्वतःला पोहता येत नाही, मलाही नाही. ते एक पायरी उतरले, दुसरी उतरले, आणि तिथे थांबून, जणू रस्त्यावरून दुकानात डोकवावे, तसे अगदी साध्या आवाजात म्हणाले :

"अगं, गिऱ्हाईक ताटकळलंय."

वहिनींनी मागे वळून पाहिले. "तुम्ही बघा की."

"मला जमेना ते. तूच ये."

"कसलं कुलूप आहे?"

किल्लीवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "वहिनी, माझ्या खोलीचं. किल्ली हरवली, बाहेर अडकून पडलोय."

"तुम्ही लोक किल्ल्या सांभाळत कसे नाही हो!" असे म्हणत त्या वळल्या. एक लाट पाठीवर आदळली, त्या झुकल्या, आणि किल्लीवाल्यांनी पुढे झेपावून त्यांचा दंड पकडला. वर आल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. तोवर जागा झालेला रखवालदार धावत आला. "कुलूप कोणी तोडलं? आजी, जीव नकोसा झाला होता का?"

"तोडलं नाही," वहिनी रागावल्या. "उघडलं. आणि तेल घाला त्याला."

ओल्या पावलांनी आम्ही टेकडी चढलो. मॅनेजरबाई पायरीवर टॉवेल घेऊन उभ्या होत्या, पण वहिनी थांबायला तयार नव्हत्या; गिऱ्हाईक आधी. माझ्या खोलीसमोर त्या वाकल्या. घाईत बाहेर पडताना दार मी सवयीने ओढून घेतले होते. ते लागले होते आणि किल्ली माझ्या विजारीच्या खिशात होती. वहिनींनी केसांतला आकडा काढला, कुलपाच्या फटीत घातला, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी आकडा बाहेर काढला, पाहिला, पुन्हा घातला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हे कुठल्या बाजूला फिरतं?"

समुद्रावरदेखील किल्लीवाल्यांचा चेहरा इतका पांढरा झाला नव्हता. मग ते वहिनींच्या शेजारी, दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसले, सदऱ्याच्या खिशातली दुसरी तार काढली, आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"डावीकडे. सावकाश. मी धरतो, तू फिरव."

दोघांचेही हात ओले होते, त्यामुळे तार पुन्हापुन्हा निसटत होती. पाण्याचे थेंब उंबऱ्यावर पडत होते. पाव तास तरी गेला असेल. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि खिशातली किल्ली मी शेवटपर्यंत बाहेर काढली नाही.