गादीवरचं प्लास्टिक
आज घरी नवी गादी आली आणि तिच्या प्लास्टिकच्या वासासरशी लखनौच्या तेलीबागेतलं ते भाड्याचं घर आठवलं. नव्वदनंतरची गोष्ट. यांची फौजेतली बदली तिथे झाली होती, आणि क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही फर्निचरसकट दोन खोल्या घेतल्या होत्या. नऊ वर्षांतलं माझं सातवं घर. पेट्या उघडायचाही कंटाळा आला होता. पलंग, सोफा सगळं कोरं, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. "पन्नी मत उतारिएगा, बिटिया के दहेज का सामान है," घरमालकीण म्हणाल्या. शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी वरच्या मजल्यावर त्यांच्यासोबतच राहायची. लग्नानंतर सहा महिन्यांतच ती परत आली होती, मागोमाग सामानही. दुसऱ्या लग्नात तेच द्यायचं होतं. जूनमध्ये कूलरही गरम हवा फेकायला लागला. कूस बदलली की प्लास्टिक कुरकुरायचं, घामानं पाठीला चिकटायचं. एका दुपारी मी उठले आणि कात्रीनं पलंगाचं, सोफ्याचं सगळं प्लास्टिक फाडून काढलं. आवाजानं मायलेकी खाली आल्या. मालकीणबाई दारातच थबकल्या. "अब ये पुराना हो जाएगा," त्या हळूच म्हणाल्या. "हो जाने दो, अम्मा," म्हणत मुलगी आत आली आणि सोफ्यावर बसली. कापडावरून हात फिरवत बराच वेळ बसून राहिली. मी इतकी दमले होते की तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. गादीवाले गेले, तरी आज अजून मी प्लास्टिकला हात लावलेला नाही.